ऑर्किडची फुलं गळून गेली, आता काय करायचं?

आमच्या ऑर्किडचं शेवटचं फूल यंदा २४ मेला गळलं. सकाळी चहाच्या वेळी बघतो तर खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं, मलूल, कडेने बटरपेपरसारखं झालेलं. मागे उरला हातभर लांबीचा काटकुळा दांडा आणि खाली पाच जाड पानं. समोरच्या घरातल्या सूनबाई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या आणि उघड्या दारातून त्यांची नजर तिकडे गेली. "काका, गेलं वाटतं ते. कुंडी टाकणार असाल तर मला द्या, कढीपत्ता लावते."

गेलेलं नव्हतं. कुंडीही कढीपत्त्याच्या कामाची नव्हती, कारण तिला खालून-बाजूने मिळून सतरा भोकं आहेत, मीच सोल्डरिंग आयर्नने पाडलेली. पण ते पुढे येईल.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑर्किड मात्र मोजमापाने आले नाहीत, मारून मारून आले. पहिला मुलाच्या लग्नात भेट मिळालेला, निळाशार. (तो निळा रंग दांड्यात टोचलेला असतो. पुन्हा फुलला तर पांढरा फुलतो, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.) फुलं गळाल्यावर एका नर्सरीत विचारलं, तर तिथल्या माणसाने ठणकावून सांगितलं, "लाल माती आणि शेणखत, बघा कसा येतो." दीड महिन्यात मुळांचं लोणचं झालं. दुसरा पावसाळ्याने नेला. तिसरा सहा वर्षं आहे आणि पाच वेळा फुललाय. खाली लिहितोय ते या तिघांच्या खर्चाने शिकलेलं.

आधी झाड कुठलं ते ओळखा. भेटीत मिळतो तो बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस: जमिनीलगत समोरासमोर जाड, रुंद पानं, मधून एक दांडा आणि त्यावर पतंग पंख पसरून बसल्यासारखी फुलं. नावाचा अर्थही तोच, ग्रीकमध्ये पतंगासारखं दिसणारं. उसाच्या बारक्या कांड्यांसारखी खोडं असतील तर तो डेंड्रोबियम. त्याच्या जुन्या कांड्या पानं गळून बोडक्या झाल्या तरी कापू नका, झाडाची शिदोरी त्यात असते आणि कधीकधी त्याच कांडीवर पुन्हा फुलंही येतात. पुढचं सगळं फॅलेनॉप्सिसबद्दल.

आता दांडा. झाड विकणारे सांगतात, खालून दोन-तीन डोळे ठेवून कापा, पुन्हा फुलेल. खोटं नाही. उसाच्या पेराला असतो तसा दांड्यावर ठराविक अंतराने एकेक डोळा असतो, वर पातळ सालीचं झाकण. दांडा हिरवा असेल आणि डोळ्याच्या बोटभर वर छाटला तर तिथून फांदी फुटून दोन-अडीच महिन्यांत थोडी फुलं येऊ शकतात. मी एक वर्ष हा लोभ केला. चार फुलं आली, एरवीच्या निम्म्या आकाराची, आणि तोपर्यंत झाडाने खालची दोन पानं पिवळी करून टाकून दिली. शिवाय आपल्याकडे हा काळ जूनचा, उकाड्याचा. उकाड्यात त्या डोळ्यातून फुलाऐवजी पिल्लू, म्हणजे नवं छोटं झाड, येण्याचा संभव जास्त. म्हणून माझं मत असं: पानं चारपेक्षा कमी असतील, किंवा हात लावल्यावर चामड्यासारखी लिबलिबीत लागत असतील, तर दांडा बुडापासून इंचभर ठेवून सरळ उडवा. झाड दणकट असेल तर तुमची हौस. दांडा पिवळा-तपकिरी पडला असेल तर प्रश्नच नाही, कापायचाच.

कापण्याआधी कात्री गॅसवर धरा. लाल होईपर्यंत नको, धार उतरते. दहा-पंधरा सेकंद ज्योतीतून फिरवून गार होऊ द्या. ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यावर औषध नाही. कापलेल्या तोंडाला चिमूटभर दालचिनीची पूड दाबा. स्वयंपाकघरातलीच चालते, फक्त घरात विचारून घ्या.

पिल्लाचं सांगून टाकतो. दांड्यावर दोन-तीन पानांचं छोटं झाड उगवलं तर लगेच तोडू नका. त्याला स्वतःची दोन-तीन मुळं फुटून ती बोटाएवढी लांब होईपर्यंत आईच्या अंगावर राहू द्या. मग दांड्याच्या तुकड्यासकट कापून वेगळ्या लहान कुंडीत लावा. फुलायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. माझ्याकडचं एक पिल्लू आता डोंबिवलीला बहिणीकडे आहे.

दांड्याचा निकाल लागला की कुंडीकडे वळा, कारण खरा घोटाळा तिथे असतो आणि वरून दिसत नाही. गंमत म्हणजे हे मला गावाला कळलं. आमच्या घरामागे जुना आंबा आहे, त्याच्या फांदीवर सीतेची वेणी आहे. तीही ऑर्किडच. मेअखेरीला गुलाबी-पांढरे झुबके सोडते. तिला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. पाऊस धो धो कोसळतो तेव्हा ती चिंब भिजते आणि उघडीप झाली की तासा-दोन तासांत मुळं सुकतात, कारण ती हवेत लोंबतात. आमचे आजोबा तिला बांडगूळ म्हणायचे, पण बांडगूळ झाडाचा रस पितं. ही फक्त आधाराला बसते. दुकानातला फॅलेनॉप्सिसही त्याच जातकुळीचा, मूळचा आग्नेय आशियातल्या जंगलातल्या झाडांवरचा. त्याला भिजायला हवं आणि मग सुकायलाही हवं. मातीत त्याचा जीव गुदमरतो.

विकत आणलेल्या कुंडीत माती नसते, पण मॉस असतं, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. मुळांच्या मधोमध त्याचा घट्ट बुच बसवलेला असतो. दूरवर ट्रकने न्यायला तो बरा, कारण पाणी धरून ठेवतो. ठाण्याच्या जुलैत तोच बुच तीन-तीन आठवडे ओला राहतो. म्हणून फुलं गळली आणि मुळांच्या टोकाला हिरवे-तांबूस ताजे कोंब दिसायला लागले की झाड उपटून बघाच. पावसाचा जोर धरण्याआधी हे उरकलं तर उत्तम.

आदल्या दिवशी पाणी घाला, म्हणजे मुळं लवचिक होतात. प्लॅस्टिकची कुंडी हाताने चहूबाजूंनी चेपा आणि झाड सावकाश बाहेर काढा. मॉस चिमट्याने किंवा बोटांनी काढा, अगदी मधलंसुद्धा. आता एकेक मूळ दोन बोटांत धरून दाबा. टणक लागलं तर जिवंत, मग रंग पांढरा, हिरवा, पिवळट काहीही असो. उजेड न मिळालेली आतली मुळं पिवळटच असतात, त्यांना मेलेली समजून कापणारे पुष्कळ. दाबल्यावर पिचकलं, पाणी सुटलं, किंवा साल हातात येऊन आत नुसता दोरा उरला तर ते गेलं. ते टणक भागापर्यंत कापा. दालचिनी फक्त कापलेल्या तोंडाला. सगळ्या मुळांवर भुरभुरवाल तर चांगली मुळंही सुकवून ठेवेल ती. मग झाड रात्रभर वर्तमानपत्रावर उघडं पडू द्या. जीव खालीवर होतो, पण काही होत नाही.

भरायला पाइन बार्क, म्हणजे पाइनच्या झाडाच्या सालीचे तुकडे, मिळाला तर घ्या, घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. मी घरगुती मिश्रण वापरतो: दोन भाग लोणारी कोळसा, एक भाग फुटक्या मंगलोरी कौलाचे तुकडे, एक भाग नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे. सगळे तुकडे साधारण दीड-दोन सेंटिमीटरचे. कोळसा आमच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडून आणतो. सोडण मात्र आधी बादलीत भिजत घालायचं आणि चार-पाच दिवस रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी चहासारखं पाणी निघतं. त्यात क्षार असतात, ते मुळांना जाळतात. सोडण पाणी धरतं, म्हणून आपल्या हवेत त्याचा वाटा कमी. तिकडे पुण्यात कुणी अर्धं सोडण घालत असेल तर घालो.

कुंडी मुळांच्या मानाने तंगच हवी, पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर सोन्याहून पिवळं, का ते पुढे सांगतो. भोकं भरपूर. झाडाचं बूड मिश्रणाच्या वर राहिलं पाहिजे, पानं गाडली जाता कामा नयेत. बाहेर डोकावणारी मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका. मिश्रण भरताना कुंडीला बाहेरून टिचक्या मारा, आपोआप बसतं. झाड डुगडुगत असेल तर बांबूची काडी लावून सुतळीने बांधा, कारण हलत्या झाडाची नवी मुळं मोडतात. मग चार दिवस पाणी नाही. असं दर दोन वर्षांनी एकदा.

आणि ती सुंदर चिनीमातीची बाहेरची कुंडी, जिच्यात झाड भेट आलेलं असतं? तिला भोक नसतं. तिच्या तळाशी साचलेलं पाणी कुणाला दिसत नाही. ती पेनस्टँड म्हणून वापरा.

पाण्याचं म्हणाल, तर "आठवड्यातून किती वेळा?" हा प्रश्नच मला आवडत नाही. आठवडा झाडाला कळत नाही. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. सुकलं की ते चंदेरी दिसतं, पाणी प्यायलं की दोन मिनिटांत हिरवं होतं. पारदर्शक कुंडी घ्यायची ती यासाठी. भिंतीला टेकलेली मुळं हिरवी आणि आतून दव धरलेलं दिसतंय, म्हणजे थांबा. मुळं चंदेरी आणि दव नाही, तर पाणी द्या. कुंडी पारदर्शक नसेल तर बांबूची काडी मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढून गालाला लावा, ओल गालाला लगेच कळते. माझी तिसरी पद्धत घरात चेष्टेचा विषय आहे: किचनचा वजनकाटा. आमची कुंडी पाणी प्यायल्यावर ७१० ग्रॅम भरते, सुकल्यावर ५४०. हे दोन्ही आकडे मास्किंग टेपवर लिहून कुंडीला चिकटवलेत. ५५० च्या खाली आली की अंघोळ.

अंघोळ म्हणजे खरोखर अंघोळ. घोटघोट पाणी घालू नका. सकाळी कुंडी बादलीतल्या पाण्यात काठाच्या जरा खालपर्यंत पंधरा मिनिटं ठेवायची, मग मोरीत अर्धा तास निथळू द्यायची. बर्फाचा खडा ठेवा म्हणून कुणी सांगतं, ते मला पटत नाही. उष्ण प्रदेशातल्या झाडाच्या बुडाशी बर्फ कशाला? नळाचं पाणी चालतं. पण एका मेमध्ये आमच्याकडे बरेच दिवस टँकरचं पाणी होतं आणि कोळशावर पांढरी पुटं चढली, मुळांची टोकं काळी पडली. असं पाणी असेल तर पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा, किंवा निदान जमेल तेव्हा साध्या गोड्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, थंडीत सहा-सात दिवसांनी. जुलैत एकदा तेरा दिवस लागलं नव्हतं.

जुलैवर जरा थांबतो, कारण दुसरा ऑर्किड मी तेव्हाच घालवला. येऊरच्या बाजूने वारं सुटलं की आमच्या पूर्वेच्या खिडकीतही तिरपा पाऊस येतो. एका रात्री ग्रिलमध्ये ठेवलेल्या झाडावर फवारा आला. पानं जिथे एकमेकांना मिळतात तो मधला पोंगा, त्याची वाटी होते, आणि तिच्यात चमचाभर पाणी साचलं. सकाळी बघितलं, म्हटलं सुकेल. नाही सुकलं, हवाच ओली होती. पाचव्या दिवशी मधलं कोवळं पान जरा ओढलं तर अलगद हातात आलं, बूड काळं आणि नासक्या बटाट्यासारखा वास. फॅलेनॉप्सिस त्या एकाच शेंड्यातून वाढतो. शेंडा गेला की नवं पान नाही. बुडातून पिल्लू फुटण्याची आशा असते, माझ्या नशिबी ते नव्हतं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर झाड ग्रिलमधून आत. पोंग्यात थेंब दिसला की टिश्यूची वळकटी करून टिपायचा, तिथल्या तिथे. आणि पंखा. हवा खेळती राहायला हवी, पण वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको.

पावसाळ्यात गोगलगायीही चढतात, तिसऱ्या मजल्यापर्यंत कशा येतात देव जाणे. नव्या मुळांची टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या खाली बघा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये इअरबड बुडवून पुसायचा आणि दर आठवड्याला पुन्हा बघायचं, कारण एका फेरीत तो जात नाही.

उजेड: पूर्वेची खिडकी असेल तर बोलायलाच नको. पश्चिमेची असेल तर पडदा किंवा हिरवी जाळी, नाहीतर दुपारच्या उन्हाने पानावर पांढरट डाग पडतात आणि ते कायमचे. पान गर्द काळपट हिरवं म्हणजे उजेड कमी, अशी झाडं पानं छान देतात आणि फुलायचं नाव काढत नाहीत. पोपटीकडे झुकणारा हिरवा हवा.

खत फक्त वाढ सुरू असताना आणि तेही उपाशी माणसाला पेज द्यावी तसं. कृषी केंद्रात १९:१९:१९ मिळतं, पाण्यात विरघळणारं. एका लिटरला अर्धा ग्रॅम, दर दुसऱ्या पाण्याला. मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून मग. केळ्याच्या सालीचं पाणी, ताक, चहाचा चोथा यातलं काहीही घालू नका. ते कुजवायला कुंडीत माती नाही, नुसती चिलटं होतात.

असं सांभाळलं की पावसाळाभर झाड एखाद-दुसरं पान देतं. नवं पान आधीच्याइतकं किंवा त्याहून लांब आलं तर समजा सगळं ठीक. मी व्हर्नियरने मोजत नाही, साधी पट्टी वापरतो, कसम.

मग येतो डिसेंबर. तापमान सतत अठ्ठावीसच्या वर राहिलं तर फॅलेनॉप्सिस दांडा काढत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, तरी डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा विसाच्या खाली उतरतो आणि तेवढं पुरतं. दिवाळी झाली की झाड पुन्हा ग्रिलमध्ये, रात्रीच्या गारव्यात. कपाटाशेजारी उबेला ठेवलेलं झाड वर्षानुवर्षं नुसती पानं देत राहील. असा गारवा तीन-चार आठवडे मिळाला की दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बेचक्यातून काहीतरी डोकं काढतं.

ते मूळ की दांडा, यावरून आमच्याकडे दर वर्षी पैज लागते. भिंग घेऊन बघा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, पेन्सिलच्या खोडरबरासारखं असतं आणि मागून त्याच्यावर चंदेरी थर चढत जातो. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला चिमटलेलं, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं, अंगठा वेगळा. शिवाय दांडा उजेडाकडे वर वळतो, मूळ खाली किंवा वाटेल तिकडे. दोन सेंटिमीटर होईपर्यंत खात्री धरू नका. गेल्या वर्षी २८ डिसेंबरला दिसलेला "दांडा" मूळ निघाला आणि मला बायकोला मामलेदारची मिसळ खिलवावी लागली. खरा दांडा ९ जानेवारीला आला.

आल्यावर कुंडी फिरवणं बंद. ज्या बाजूने उजेड येतो ती बाजू टेपवर खूण करून ठेवा, पाणी घालून परत तशीच ठेवा, नाहीतर दांडा नागमोडी होतो आणि फुलं दहा दिशांना तोंडं करतात. वीतभर झाला की काडीला सैल बांधा, केसांचा लहान क्लचर छान चालतो. डोळा दाबला जाऊ देऊ नका. तिथून फुलं उमलायला तीन महिने धरा, म्हणजे एप्रिल.

आणि एप्रिलात आंबे येतात. दोन वर्षांपूर्वी हापूसची पेटी मी बरोबर ऑर्किडच्या खाली ठेवली होती, गार कोपरा म्हणून. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किडच्या फुलांना तो सोसत नाही. आठवड्यात नऊ फुलांनी माना टाकल्या आणि मी मुळं तपासत बसलो होतो. आता पेटी आतल्या खोलीत पलंगाखाली जाते, दार लावून.